फोटोतला कुंभा हा कुंभा नाही, ती रानतुळस आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत श्रावणातल्या रानभाज्यांवर पानभर मजकूर आला होता, मी तो दोनदा वाचला, लेख छानच आहे, टाकळा, कुर्डू, भारंगी सगळ्यांबद्दल नीट लिहिलंय, कोवळी पानं कशी खुडायची, कुठली भाजी आधी उकडून पाणी टाकायचं, सगळं. पण त्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात जो फोटो आहे आणि ज्याच्याखाली 'कुंभा (द्रोणपुष्पी)' असं छापलंय तो कुंभा नाहीये. ती रानतुळस आहे. फोटोतली फुलं निळसर जांभळी आहेत आणि कुंभ्याचं फूल पांढरंशुभ्र असतं, एवढं एकच कारण पुरेसं आहे खरंतर, पण मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण या एका फोटोमुळे आमच्या घरी काय झालं ते सांगायचंय आणि दुसरं म्हणजे ही दोन्ही झाडं मुंबईत आत्ता पावसात सगळीकडे उगवलीयेत, लोक पेपरातलं पान हातात घेऊन ती शोधायला जातात.

आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो, डोंगराच्या बाजूला. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे मोकळी जागा आहे, पुढे चढ लागतो आणि तिथून नॅशनल पार्कचं जंगल सुरू होतं. पहिला पाऊस पडला की त्या मोकळ्या जागेत जे काही उगवतं ते मी गेली कित्येक वर्षं बघतेय. त्या रविवारी माझी धाकटी जाऊ आली होती, तिने चहा पिताना तुमची पुरवणी वाचली आणि म्हणाली ताई, हा कुंभा तर तुमच्या मागच्या भिंतीला नुसता माजलाय, मी मगाशीच येताना बघितला. मी आंघोळीला गेले आणि ती पिशवी घेऊन खाली गेली. मी बाहेर आले तेव्हा अख्ख्या घरात तो वास, ज्याला माहितीये त्याला माहितीये, पुदिना आणि कापूर एकत्र चुरडल्यासारखा पण त्याहून उग्र, डोक्यात जाणारा, आणि ती बिचारी विळीवर बसून अर्धी जुडी चिरून मोकळी झालेली. हात चिकट झालेले. मी म्हटलं अगं थांब, ही भाजी नाही, तर तिने पेपर माझ्यापुढे धरला, हे बघा ना ताई, सेम टू सेम. आणि खरोखर सेम टू सेमच होतं, कारण फोटोच रानतुळशीचा! तिची काहीच चूक नव्हती. सगळं टाकून दिलं, कोणाच्या पोटात गेलं नाही, त्यामुळे तसं काही बिघडलं नाही. पण पेपरात छापून आलंय म्हणजे बरोबरच असणार असं आपल्याकडे अजूनही लोक धरून चालतात, आणि मला वाटतं ते चांगलंच आहे, म्हणून तर हे पत्र लिहितेय.

माझी ओळख म्हणाल तर मी एका शाळेत २२ वर्षं लॅब असिस्टंट होते, आता रिटायर्ड. वनस्पतिशास्त्रात डिग्री वगैरे नाही पण मुलांसाठी प्रॅक्टिकलला लागणारी झाडं गोळा करून आणायचं काम माझ्याकडे असायचं आणि त्यातूनच बघायची सवय लागली. दहा पटीचं भिंग अजून पर्समध्ये असतं.

तर आता मूळ घोळ कुठे होतो ते सांगते. लोकांना कोणीतरी सांगितलेलं असतं की काडी चौकोनी असली की कुंभा. व्हॉट्सॲपवर पण असंच फिरतं. काडी दोन बोटांत धरून फिरवली की चार कडा लागतात, अगदी पेन्सिल फिरवल्यासारखं, हे खरं आहे आणि कुंभ्याला ते लागतंच. पण चौकोनी काडी ही त्या अख्ख्या घराण्याची खूण आहे, एका झाडाची नाही. इंग्रजीत त्या घराण्याला पुदिन्याचं म्हणतात, आपल्या मराठी पुस्तकांत तुलसी कुल म्हणतात आणि मला आपलं नाव जास्त आवडतं. तुळस, सब्जा, पुदिना, मरवा, ओव्याच्या पानांची भजी करतो तो पानओवा, बाजारात चिया म्हणून मिळतं ते, हे सगळे एकाच घरचे. निगडी आणि तुमच्याच लेखातली भारंगी पण, आणि आपला साग सुद्धा! आधी ही तिघं वेगळ्या कुळात धरायचे, नंतर शास्त्रज्ञांनी त्यांना तुळशीकडे आणलं. सागाची कोवळी फांदी कधी हातात आली तर बघा, ती पण चौकोनी असते. म्हणजे चौकोनी काडीवरून फक्त आडनाव कळतं, माणूस कोण ते अजून कळायचंय. आणि ते आडनाव सुद्धा शंभर टक्के नाही बरं का, कारण घाणेरीची काडी चौकोनीच, वर तिला बारीक काटे, आणि आघाड्याची पण कडा असलेली असते, पानंही समोरासमोर, आणि हे दोन्ही तुळशीच्या घरचे नाहीत. म्हणून चौकोनी काडीच्या जोडीला अजून बघावं लागतं. पानं समोरासमोर जोडीने येतात का, एक जोडी पूर्वपश्चिम तर तिच्या वरची दक्षिणोत्तर अशी फुलीसारखी लागलीये का, आणि फूल असेल तर त्याला ओठ आहेत का, वरचा एक खालचा एक, उघड्या तोंडासारखे. या कुळाचं जुनं शास्त्रीय नाव लॅबिएटी, ते लॅटिनमधल्या ओठावरूनच आलंय. फूल झडल्यावर तळाशी सहसा चार बारीक बिया राहतात, वाटीत चार मोहरीचे दाणे ठेवल्यासारख्या. ही सगळी खूण जुळली की मग घर नक्की झालं.

आता घरातला माणूस. आत्ता श्रावणात रानतुळशीला आमच्याकडे फुलं नसतात, ती साधारण गणपतीनंतर यायला लागतात, म्हणजे तुमचा फोटो आत्ताचा नाही, कुठूनतरी नेटवरून घेतलेला असावा. म्हणून भाजी खुडायच्या दिवसांत फुलावर विसंबून चालत नाही, पानं बघावी लागतात. रानतुळशीचं पान रुंद, बदामी आकाराकडे झुकणारं, कडेला दाते, हाताला मऊ लवदार लागतं आणि त्याला चांगला लांब देठ असतो. काडीवर पण लांब केस असतात, उन्हात धरलं की कडेने पांढरी झालर दिसते. आपल्याकडे मैदानात दिसतो त्या कुंभ्याचं पान अरुंद, लांबट, देठ जवळजवळ नसल्यासारखा आणि हात फिरवला की खरखरीत. त्याचं शास्त्रीय नाव ल्यूकस ॲस्पेरा, ॲस्पेरा म्हणजेच खरखरीत, आणि ल्यूकस ग्रीकमधल्या पांढऱ्यावरून. नावातच ओळख सांगितलीये बघा, पांढरा आणि खरखरीत. उंचीला तो फार तर गुडघ्याएवढा. रानतुळस मात्र ऑक्टोबरपर्यंत माणसाच्या उंचीची होते.

वासाचं म्हणाल तर पान चुरडल्यावर कुंभ्याला पण वास असतो पण तो सौम्य, जवळ नेल्याशिवाय कळत नाही. रानतुळशीच्या नुसत्या शेजारून गेलं आणि पँट घासली तरी वास येतो. तिच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द सुआविओलेन्स म्हणजे सुगंधी. हे नाव झाडांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५९ मध्ये दिलं, तेव्हा तिला बॅलोटा म्हणायचे, मग १८०६ पासून हिप्टिस, आणि आता मेसोस्फेरम. पहिला शब्द बदलत गेला पण दुसरा, सुआविओलेन्स, तोच राहिला. कोणाला सुगंध वाटतो कोणाला दर्प, मराठीत तिला दर्पतुळस पण म्हणतात.

आणि फुलं आली की मग तर काही प्रश्नच राहू नये. मी गेल्या वर्षी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून भिंगाखाली बघितली होती, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुंभ्याचं फूल म्हणजे खालचा ओठ मोठा, पांढरा, तीन भागांचा, जीभ बाहेर काढल्यासारखा, आणि वरचा ओठ लहान, टोपीसारखा, त्यावर दाट पांढरे केस. पुंकेसर त्या टोपीच्या आत लपलेले असतात. मधमाशी खालच्या ओठावर बसते आणि आत डोकं घालते तेव्हा वरची टोपी तिच्या पाठीला लागते. रानतुळशीत नेमकं उलटं आहे. तिचे पुंकेसर खालच्या ओठात, एका इवल्याशा होडीसारख्या पाकळीत दाबून धरलेले असतात, ताणलेल्या स्प्रिंगसारखे. मी टाचणीच्या टोकाने त्या होडीला हलकेच स्पर्श केला तर ती फट्दिशी खाली पडली आणि पुंकेसर उसळून वर आले, टाचणीला पिवळसर पावडर लागली! फूल केवढं, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडंसं मोठं. माझी नात शेजारी होती, तिने पुढचा अर्धा तास एकेक फूल शोधून हेच केलं आणि प्रत्येक फुलात ते एकदाच होतं हे तिनेच मला सांगितलं, एकदा उडालं की ते फूल परत तसं होत नाही. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी ऑक्टोबरात हे जरूर दाखवावं.

फुलाच्या खालची हिरवी वाटी ही तर सगळ्यात भरवशाची खूण, कारण फूल दोन दिवसांत गळून जातं पण वाटी महिनोन्महिने राहते, वाळल्यावर सुद्धा. रानतुळशीच्या वाटीला दहा उभ्या शिरा आणि तोंडावर पाच सरळ टोकदार काटे. वाळलं की ते कडक होतात आणि कपड्यांना, मोज्यांना, कुत्र्याच्या केसांना अडकतात, येऊरला किंवा नॅशनल पार्कात दिवाळीनंतर फिरायला गेलेल्या प्रत्येकाने ते मोज्यातून काढलेले असणार. खऱ्या तुळशीच्या वाटीला काटे नसतात, वरच्या बाजूला एक रुंद गोलसर झाकण उलटं वळलेलं असतं, मंजिरी हातात घेऊन बघा, लगेच दिसेल. आणि कुंभ्याची वाटी नळीसारखी, जरा वाकडी, तोंड तिरकं कापल्यासारखं. ज्याला संस्कृतात द्रोणपुष्पी म्हणतात ते नाव फुलाच्या द्रोणासारख्या आकारावरून पडलंय आणि खरंतर ते जास्त करून कुंभ्याच्या मोठ्या भावाला, म्हणजे ज्याला शेंड्यावर लिंबाएवढा गोल गेंद येतो, त्याला लावतात. दोघंही कुंभाच, दोघांचीही भाजी करतात, त्यामुळे तिथे फार ताणायची गरज नाही.

नावांचाच घोळ फोटो चुकायला कारण झाला असेल असं मला वाटतं. नेटवर कुंभा टाकलं तर एक मोठा वृक्ष समोर येतो, तो पण कुंभाच, किंवा कुंभी, पळसासारखा जंगलात असतो, त्याचा आणि या झुडपाचा काही संबंध नाही. कुंभ्याला काही ठिकाणी तुंबा म्हणतात, ते टाकलं तर वीणा तंबोऱ्याचा भोपळा येतो. आणि रानतुळस हे नाव तर तीन चार झाडांना आहे, खऱ्या तुळशीच्या जातीतल्या एका लहान झाडाला पण रानतुळसच म्हणतात. मराठी नाव हवंच, आमच्या आयांनी तीच नावं आम्हाला दिली, पण फोटोखाली मराठी नावाच्या शेजारी शास्त्रीय नाव देवनागरीत छापलं तर किती बरं होईल, ल्यूकस ॲस्पेरा एवढे दोनच शब्द, जागा कितीशी लागते. मोबाईलवरच्या ॲपबद्दल पण सांगते, मी ते वापरते, वाईट नाही, पण नुसत्या पानाचा फोटो दिला की ते रानतुळशीला कधी पुदिना म्हणतं कधी तुळस म्हणतं, म्हणजे घर बरोबर सांगतं आणि माणूस चुकतं. फूल, वाटी आणि काडी तिन्हीचे जवळून फोटो दिले की बरंच नीट सांगतं.

रानतुळशीबद्दल मनात राग आहे असं समजू नका. ती मूळची अमेरिकेतल्या उष्ण भागातली, आता भारतभर पसरलीये, रस्त्याच्या कडेने, रेल्वे लाइनच्या बाजूने, पडीक प्लॉटवर. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत तिचं बी पाण्यात भिजवून सरबतात पितात, तिकडे तिला चान म्हणतात. आफ्रिकेत काही ठिकाणी डास पळवायला तिच्या फांद्या जाळतात. पण एकदा जागा धरली की गवताला आणि बाकीच्या लहान झाडांना ती जागा देत नाही, आमच्या मागच्या मोकळ्या जागेत पूर्वी भुईसरपट किती काय काय असायचं, कुंभा, माका, आता भिंतीच्या बाजूने दहा फुटांचा पट्टा सगळा तिचाच. एका झाडाला शेकडो बिया. आणि गंमत नाही सांगत, दुःखाने सांगतेय, दर वर्षी गवत काढायला माणूस येतो तो कुंभा उपटून टाकतो आणि रानतुळस ठेवतो, का तर म्हणे ताई ही तुळस आहे, तुळशीला कसा हात लावू. त्याची भावना किती चांगली आहे! मी त्याला दोन वर्षं दोन्हीची काडी हातात देऊन समजावतेय, या वर्षी त्याने कुंभ्याचा एक वाफा ठेवलाय. रानतुळस काढायची असेल तर ती फुलायच्या आत, सप्टेंबरच्या सुरुवातीला, पावसात माती मऊ असते तेव्हा, हाताने मुळासकट सहज निघते. डिसेंबरात कापून काही उपयोग नाही, तोवर बी पडून गेलेलं असतं.

आता एक गोष्ट सांगते जी मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाची वाटते. आमच्या बी विंगमध्ये एक आजी होत्या, आता नाहीत. त्यांची वृंदावनातली तुळस एका उन्हाळ्यात गेली आणि पावसाळ्यात त्यांच्या घरी काम करणाऱ्या मुलीने भिंतीजवळून एक छान टवटवीत रोप आणून लावून दिलं, तुळस समजून. ते रोप काय वाढलं! चार फूट. आजी रोज पाणी घालायच्या, हळदकुंकू, संध्याकाळी दिवा, कार्तिकात तुळशीचं लग्न पण लावलं, आम्ही सगळे होतो, अक्षता टाकल्या. मला तेव्हाच कळलं होतं ती रानतुळस आहे, पण त्या दिवशी बोलावंसं वाटलं नाही. आणि मग जानेवारीत ते झाड वाळायला लागलं. खालून पानं गेली, मग शेंडा गेला, पंधरा दिवसांत नुसत्या काड्या आणि काटेरी वाट्या. आजींनी इतकं मनाला लावून घेतलं, मुलाचं ऑपरेशन होतं त्याच महिन्यात, त्या मला म्हणाल्या माझ्या हातून काहीतरी चुकलंय गं, दारातली तुळस अशी उभी वाळत नाही. रडत होत्या. तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून सांगितलं की आजी, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, ही तुळस नव्हतीच, ही तिची बहीण, हिचं आयुष्यच एका वर्षाचं असतं, पावसात उगवते, दिवाळीच्या सुमाराला फुलते, बी टाकते आणि थंडी सरता सरता जाते, कितीही पाणी घातलं तरी जाते. आपली तुळस झुडूप आहे, नीट छाटत राहिलं की दोन तीन वर्षं सहज टिकते. भिंग देऊन काटेरी वाटी दाखवली, माझ्या घरच्या तुळशीची मंजिरी आणून शेजारी ठेवली. त्यांनी खूप वेळ दोन्ही बघितलं. मग म्हणाल्या म्हणजे ती तिच्या वेळेला गेली. हो म्हटलं, तिच्या वेळेला गेली. दुसऱ्या दिवशी मी दादरहून तुळशीचं रोप आणून दिलं आणि मुलाचं ऑपरेशन पण व्यवस्थित झालं. वर्षायू म्हणजे काय हे शाळेत मी मुलांना शंभर वेळा सांगितलं असेल पण त्या शब्दाचं वजन मला त्या दिवशी कळलं.

अजून एक राहिलंच, सब्जा. डिसेंबर जानेवारीत रानतुळशीच्या वाळलेल्या वाट्या झटकल्या की काळपट बी पडतं आणि पाण्यात टाकलं की त्याच्याभोवती सब्ज्यासारखाच पांढुरका बुळबुळीत थर येतो. मग लोकांना वाटतं फुकटचा सब्जा मिळाला. फरक असा की सब्जाचं बी लहान, साधारण दोन मिलिमीटरचं, काळं आणि फुगीर, आणि हिचं तीन चार मिलिमीटरचं, चपटं, तपकिरी काळं आणि बुडाशी दोन पांढुरके ठिपके, भिंग नसलं तरी दिसतात. शिवाय सब्जाच्या वाटीत चार बिया आणि हिच्यात बहुतेक दोनच. तिकडे मेक्सिकोत पितात म्हणून आपण भिंतीमागून, गटाराच्या कडेने गोळा करून घरी लहान मुलांना फालुद्यात घालावं असं मला तरी वाटत नाही. सब्जा दुकानातून घ्यावा.

तेव्हा माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच आकारात, कुंभ्याचा खरा फोटो छापावा आणि मागचा फोटो रानतुळशीचा होता असं स्पष्ट लिहावं. आतल्या पानावर बारीक अक्षरात दिलगिरी देऊ नका, ज्यांनी पान कापून फ्रिजला लावलंय त्यांच्यापर्यंत ती पोचणार नाही, आणि माझ्या ओळखीच्या दोघींनी ते खरंच कापून ठेवलंय. फोटो नेटवरून घेऊ नका. मुलुंड, भांडुप, बोरिवली कुठल्याही स्टेशनबाहेर या दिवसांत पाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात, त्यांच्या टोपलीत कुंभा असतो, मी त्यातल्या एका मावशींना तुमचं पान दाखवलं तर त्यांनी नुसता फोटो बघूनच मान हलवली, ही आम्ही नाय खात, हिचा वास मारतो. त्यांना एकदा विचारलं असतं तर हे झालंच नसतं. आणि शास्त्रीय नावाची खात्री करायची असेल तर आपल्या मुंबईतच सोय आहे, सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये १९०६ पासूनचं ब्लाटर हर्बेरियम आहे, वाळवलेल्या झाडांचे नमुने कागदावर चिकटवून जपून ठेवलेत, फोर्टला बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, ती तर १८८३ ची संस्था. या शहरात झाड ओळखायची एवढी जुनी परंपरा आहे आणि पेपर तिथून अर्ध्या तासाच्या अंतरावर छापले जातात.

कुंभ्याची भाजी तुमच्या लेखात दिलीये तशीच आमच्याकडे पण करतात, फक्त आम्ही मूगडाळ भिजवून घालतो आणि लसूण जरा जास्त, कारण ती किंचित कडसर असते. जावेला मग बुधवारी स्टेशनवरून जुडी आणून करून खायला घातली. तिला आवडली.

सोबत पाकिटात दोन्ही झाडांच्या फांद्या वाळवून पाठवतेय, जुन्या पेपरात दाबून आठ दिवस गादीखाली ठेवल्या होत्या. डाव्या कागदावर कुंभा, त्याला फुलं आहेत, पांढरी होती ती वाळून जरा पिवळट झालीत. उजवीकडे रानतुळस, यंदाची कोवळी फांदी, आणि तिच्या खाली गेल्या वर्षीच्या काटेरी वाट्या बियांसकट चिकटवल्यात, जपून हाताळा, टोचतात. दाबल्यामुळे काड्या चपट्या झाल्या म्हणून दोन्हीचा एकेक पातळ काप आडवा कापून वेगळ्या पुडीत ठेवलाय, ब्लेडने कापलाय, चारही कोपरे नीट दिसतात. फोटो काढून झाला की फांद्या परत नाही पाठवल्यात तरी चालेल.

आपली एक नियमित वाचक,
मुलुंड (पश्चिम), मुंबई